शिंचा, सटवी आणि शिकागोचा फुकटचा कोश

घरातल्या सोवळ्या माणसांच्या तोंडचे शब्द कुठून आले हे जाणून घ्यायची हौस असेल, तर शिकागो विद्यापीठाचं ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ उघडा. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही तिथे आहेत. पैसे पडत नाहीत.

मी सुरुवात केली ‘शिंचा’पासून. आमच्या चिपळूणकडे नातू पडवीतून उडी मारो नाहीतर वर्गात पहिला येवो, ‘शिंचा’ ठरलेला. हा ‘शिंदळीचा’चा आखडलेला अवतार. शिंदळ म्हणजे व्यभिचारी बाई. आता विचार करा, पूजा आटोपून उठलेले आमचे अण्णा रोज सकाळी स्वतःच्याच सुनेला काय म्हणत होते! मधली दोन अक्षरं गिळली की शिवी सोज्वळ होते.

‘हात्तिच्या’ त्याहून लबाड. ‘हात् तिच्या’ म्हणायचं आणि पुढचं पोटात ठेवायचं. ‘च्यायला’त निदान आय तरी दिसते, इथे नुसती ‘ती’. त्यामुळे ते कीर्तनातही खपून जातं.

रेंगाळले मात्र ‘सटवी’पाशी. षष्ठीची सटी, तिची सटवाई. बाळाच्या सहाव्या रात्री कपाळावर नशीब लिहिणारी. तिच्यासाठी आपण कोरा कागद आणि लेखणी मांडतो. पण बाळाच्या जिवाला तिचीच धास्ती, म्हणून पूजाही घाबरतच. अशा देवीचं नाव भांडखोर शेजारणीला चिकटलं यात मला नवल वाटत नाही. ‘भवानी’ही तशीच वापरतात. पुरुषांच्या वाट्याला फार तर म्हसोबा, तोही ठोंब्या बसून राहिला तर.

शोधताना शब्द मूळ रूपात टाका. ‘मेल्या’ नको, ‘मेला’. ‘शिंच्या’ नको, ‘शिंचा’. मराठीतून अर्थ हवा असेल तर थेट दाते-कर्वे गाठा. मोल्सवर्थ गोरा साहेब, पण शास्त्री-पंडितांना हाताशी धरून त्याने बोलीतलं इतकं टिपलंय की एका शब्दासाठी गेलेली मी आमटी करपेपर्यंत उठत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला, कारण त्याची जुनी इंग्रजी कळायला मला दुसरा कोश शेजारी घेऊन बसावं लागतं.