साडेचौदा मिनिटांची एक बाजू

न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात शुगरहिल गँग या तिघांच्या रॅप गटाची १९७९ ची 'रॅपर्स डिलाइट' ही बारा इंची तबकडी मिळाली. कव्हर फाटकं, कडेला ओरखडा. दुकानदार म्हणाला, "वाजते छान." वाजते, पण पहिलं मिनिटभर कढईत मोहरी तडतडावी तशी!

पुढे मात्र वसूल. लांब आवृत्ती सुमारे साडेचौदा मिनिटांची. सात इंची तबकडीत हे मावलंच नसतं. बारा इंचीत खाचा ऐसपैस असतात, म्हणून ठोका दणदणीत उठतो; क्लबमधल्या डीजेंना हीच हवी असायची. खालचा बेस (खर्जातली गिटार) 'शीक' या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'चा, त्याच वर्षीचा. पण तुकडा कापून चिकटवलेला नाही, वादकांनी स्टुडिओत पुन्हा वाजवलाय. बेसवाल्याची बोटं कशी टिकली असतील, देव जाणे. 'शीक'च्या नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना नंतर श्रेय मिळालं, ते रास्तच.

शब्द? निम्मे बढाईचे. मित्राकडचं बेचव जेवण हा भाग मात्र अजून हसवतो. नवरा आधी "हे काय गाणं म्हणायचं!" म्हणाला, पाचव्या मिनिटाला त्याचा पाय हलत होता.

निर्मिती सिल्व्हिया रॉबिन्सन यांची, कंपनी एंगलवूडची, म्हणजे आमच्याच न्यू जर्सीतली. तिघांपैकी हँक मूळचा न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचा, पण गट जमला तो इथेच, हिप-हॉप जिथे जन्मलं त्या ब्राँक्समध्ये नव्हे. जाणकार यावर नाक मुरडतात. मुरडोत.

घ्यायची तर आधी दुकानात सुई टेकवून ऐका. मी नाही ऐकली.