एका वर्षात आरएन (रजिस्टर्ड नर्स) करतो म्हणून माझे ८,०९५ डॉलर खाल्ले, तुम्ही तरी वाचा

इथे अमेरिकेत एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१ वर्क व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या, बीकॉम, बीए, एमसीए असं काही करून आलेल्या आणि आता 'अ‍ॅक्सिलरेटेड नर्सिंग' शोधणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. ज्या संस्थेने मला फसवलं तिचं नाव टाकत नाहीये, तक्रार चालू आहे आणि वकिलाने नको म्हणून सांगितलंय, नाहीतर मोठ्या अक्षरात टाकलं असतं.

एबीएसएन, म्हणजे हेच अ‍ॅक्सिलरेटेड नर्सिंग, हा प्रकार शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्या विषयातली डिग्री हातात असेल तर साधारण १२ ते १८ महिन्यांत नर्सिंगची बॅचलर्स, मग एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा, मग आरएन. खरी कॉलेजं आहेत, आमच्या ओळखीतल्या एकीने केलंय आणि ती आज आयसीयूत आहे. त्यामुळे कोणी "वर्षभरात नर्स" म्हटलं की ते लॉटरी लागल्याच्या मेसेजसारखं वाटत नाही.

मला हे सांगणाऱ्या बाई मराठीच. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, मी त्यांना ताई म्हणायचे. "अगं तुझं बीकॉम इथे वाया नाही जाणार, आमच्याकडे प्रीरिक्विझिट्स पण फास्ट-ट्रॅक होतात." प्रीरिक्विझिट्स म्हणजे अ‍ॅडमिशनआधी पूर्ण करायचे विषय. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, हे सगळं कॉमर्सवाल्याला नव्याने करावं लागतं आणि कम्युनिटी कॉलेजात त्यालाच वर्ष-दीड वर्ष जातं. इथे म्हणे १० आठवड्यांत, घरबसल्या. आणि आमच्या घरी तेव्हा ह्यांच्या टीममध्ये लेऑफ चालू होते, एच-१ ची नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा, माझं ईएडी (काम करायचा परवाना) नुकतंच आलेलं, अशा वेळी माणूस घाई करतो. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांनी मला अक्कल शिकवू नये.

पैसे असे गेले. डिग्री इव्हॅल्युएशनचे ३८५, सीट डिपॉझिट ९५०, फास्ट-ट्रॅक प्रीरिक्विझिट्सचे ३,६००, 'क्लिनिकल प्लेसमेंट'चे (हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष ट्रेनिंगचे) २,७५० आणि युनिफॉर्म-किटचे ४१०. एकूण ८,०९५ डॉलर, म्हणजे जवळपास सात लाख रुपये. पहिले दोन कार्डावर, बाकी सगळे झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायचं अ‍ॅप), कारण "कार्डाची फी तुलाच पडेल गं". त्यातली मोठी रक्कम लग्नाआधी पुण्यात नोकरी करून मी ठेवलेली एफडी मोडून आणलेली होती.

आता ती वेबिनार. हे मी रोज रात्री आठवते. एका मुलीने सरळ विचारलं की क्लिनिकल्स कुठल्या हॉस्पिटलमध्ये होणार. समोरचा माणूस म्हणाला, हॉस्पिटलचं नाव हिपा कायद्यामुळे सांगता येत नाही. हिपा हा पेशंटच्या माहितीचा कायदा आहे! विद्यार्थी कुठे ट्रेनिंग घेतात याचा त्याच्याशी काय संबंध? खरी कॉलेजं तर हॉस्पिटलांची नावं अभिमानाने वेबसाइटवर टाकतात. त्या मुलीने पुढे काहीतरी विचारायला सुरुवात केली तर तिला म्यूट केलं, आणि चॅटमध्ये ताईंचा मेसेज आला, "सीट्स संपत आल्यात." तिथेच लॅपटॉप बंद करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मी २,७५० पाठवले.

आणि कोणी म्हणेल की बोर्डाची लिस्ट बघायची होती. बघितली होती! राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या वेबसाइटवर मान्य कोर्सेसची यादी असते, त्यात नाव होतं. फक्त यादीतलं ते 'कॉलेज' होतं आणि यांचं 'इन्स्टिट्यूट', पुढचे दोन शब्द तेच. हे मुद्दाम केलेलं असतं. म्हणून नुसतं नाव बघू नका, पत्ता जुळवा, यादीत दिलेल्या फोनवर स्वतः फोन करा आणि एनक्लेक्सचा प्रोग्रॅम कोड विचारा. प्रत्येक मान्य कोर्सला तो असतो, तो सांगायला आढेवेढे घेतले की तिथून निघा.

अ‍ॅक्रेडिटेशनचं पण तसंच. सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या वेबसाइटवर कोर्स स्वतः शोधायचा. यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बारीक अक्षरात "अ‍ॅक्रेडिटेशनसाठी अर्ज प्रक्रियेत" असं होतं, ताई म्हणाल्या ती फॉर्मॅलिटी आहे.

बॅच जानेवारीची, मग मार्चची झाली, मग मेची. तेव्हा वाटलं उशीर होतोय, आता कळतंय तारखा का ढकलतात. कार्डावरच्या रकमेबद्दल लेखी तक्रार करायला स्टेटमेंटपासून ६० दिवस असतात, ते त्यात उडून जातात. शेवटी मी त्या सारख्या नावाच्या खऱ्या कॉलेजला फोन लावला तेव्हा तिथली बाई थकलेल्या आवाजात म्हणाली, तुमचं नाव आमच्याकडे नाही, आणि असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

मी पहिली नाही हे कॉलेजला माहीत आहे, मग बोर्डाला माहीत नाही का? बोर्डाचं उत्तर ऐका: ही संस्था आमच्या मान्यताप्राप्त यादीत नाही, त्यामुळे ती आमच्या अधिकारात येत नाही. म्हणजे नियम पाळणाऱ्या कॉलेजची तपासणी होणार आणि जो मान्यताच घेत नाही त्याला कोणी विचारणार नाही! पोलीस म्हणाले तुम्ही सही केली आहे, हा दिवाणी वाद आहे. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या कोर्टात) जा म्हणाले तर रक्कम तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त. ग्राहक तक्रार विभागाने माझी तक्रार त्याच संस्थेला पाठवली, संस्थेने "फी नॉन-रिफंडेबल" एवढं एका ओळीत लिहिलं, आणि विभागाने तेच पत्र मला पाठवून फाइल बंद केली. बँक म्हणते झेलचे पैसे तुम्हीच मंजूर केलेत. संस्थेचा पत्ता दुसऱ्या राज्यातली भाड्याची पोस्टाची पेटी निघाली, तिथले अधिकारी म्हणतात तुम्ही आमच्या राज्यात राहत नाही. सगळे सौजन्याने बोलतात, शेवटी 'हॅव अ नाइस डे' म्हणतात आणि करत कोणी काहीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातलं प्रकरण उघड झालं, ऑपरेशन नाइटिंगेल, ७,६०० च्या वर खोटे नर्सिंग डिप्लोमा विकलेले. तिथे एफबीआय उतरली. मग माझ्यासारख्यांचं प्रकरण किती हजारांवर गेल्यावर बघणार?

त्या प्रकरणात एनक्लेक्स पास होऊन काम करणाऱ्या अनेकांची लायसन्सही नंतर गेली. त्यामुळे "क्लिनिकलचे तास आम्ही अ‍ॅडजस्ट करू" असं कोणी म्हटलं तर फक्त पैशाचा प्रश्न नाही, तुम्ही स्वतः गुन्ह्यात सापडू शकता. हॉस्पिटलमध्ये उभं राहून केलेले तास लागतातच.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीला साताऱ्यात असंच कोणीतरी गाठलंय, "कुठलाही ग्रॅज्युएट, एका वर्षात रजिस्टर्ड नर्स, नंतर परदेश". भारतात असा एका वर्षाचा रस्ता नाहीच. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) ३ वर्षं, बीएससी नर्सिंग ४ वर्षं, आणि पोस्ट बेसिक आधी जीएनएम झालेल्यांसाठी. तिला सांगितलंय एक रुपया देऊ नकोस.

ताईंनी मला ब्लॉक केलंय. मंडळात विचारलं तर म्हणतात त्यांना स्वतःला पण माहीत नव्हतं. प्रत्येक अ‍ॅडमिशनमागे त्यांना कमिशन होतं, हे मी त्यांच्याच एका फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये वाचलंय, त्यामुळे मला ते पटत नाही.

ज्यांनी अर्जासोबत पासपोर्टची कॉपी आणि सोशल सिक्युरिटी नंबर दिलाय त्यांनी आजच तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करा (म्हणजे तुमच्या नावावर दुसरं कोणी कर्ज काढू शकत नाही), फुकट होतं. कार्डाने भरले असतील तर पुढच्या बॅचची वाट न बघता लेखी डिस्प्यूट टाका. आणि याच लोकांना पैसे दिले असतील तर मला मेसेज करा, वकील म्हणतोय आठ-दहा जणींच्या तक्रारी एकत्र गेल्या तर अटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) ऑफिसला ती फाइल बंद करणं अवघड जाईल.