पंधरा रुपयांचा सातबारा आणि फुकटची चावडी

महाराष्ट्राच्या महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावर येणारे बहुतेक जण सातबारा हाती पडला की काम झाले असे समजून बाहेर पडतात. माझ्या मते मात्र या सेवेतला खरा मोलाचा भाग उतारा नसून त्याच्या शेजारचे, फारसे कोणी न उघडणारे ‘आपली चावडी’ हे पान आहे.

उताऱ्याबद्दल तक्रारीला जागा कमी आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत जावे, खात्यात पैसे भरावेत, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडावा, की १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेता येतो. त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही आणि उताऱ्यावरच्या क्रमांकावरून बँकेलाही त्याचा खरेपणा तपासता येतो. भूलेख या सरकारच्याच दुसऱ्या संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. त्याचीच छापील प्रत घेऊन कर्जासाठी बँकेत गेलेले लोक हात हलवत परत येतात.

आता चावडी. जमिनीचा फेरफार, म्हणजे तिच्या हक्कातला बदल, नोंदला गेला की ‘गाव नमुना ९’ या ठरावीक नमुन्यात नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पूर्वी ही नोटीस चावडीच्या भिंतीवर लागे, त्यामुळे पोटासाठी मुंबईला गेलेल्या हिस्सेदाराला ती दिसण्याचा प्रश्नच नसे. आज तीच नोटीस पैसे न भरता, गाव निवडून कोणालाही पाहता येते. आमचे गाव उघडले तेव्हा एका ओळीत फेरफार क्रमांक, प्रकाराच्या रकान्यात ‘वारस’, पुढे हरकतीची अंतिम तारीख आणि शेजारच्या बांधावरचा गट क्रमांक असे सारे समोर आले. एरवी ही बातमी आम्हाला दिवाळीत गावी गेल्यावर, तीही पारावर कळली असती.

उणीव अशी, की चावडी आपल्या घरी येत नाही, तिच्याकडे आपणच जावे लागते. महिनाभर विसरलात तर मुदत उलटून गेलेली असते. शिवाय भाषा जुन्या दप्तराचीच राहिली आहे. सातबाऱ्यावर कंसात टाकलेले नाव म्हणजे कमी केलेले नाव, किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा दडलेला असतो, हे ज्याला कोणी सांगितलेले नाही त्याला समोर उघडा पडलेला कागदही बंदच राहतो. (माझ्या पुतण्याने कंसातल्या नावाला टोपणनाव समजले होते, त्याला हसण्यात अर्थ नव्हता.)

दुसरी अडचण संगणकीकरणाबरोबर आलेली आहे. हस्तलिखित उतारे टंकित करताना आमच्या आजीच्या नावातला एक काना गळाला आणि तो तसाच डिजिटल स्वाक्षरीनिशी प्रमाणित होऊन आला. अशी लेखनचूक जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल काढून आम्ही अर्ज केला आणि दुरुस्ती झालीही, पण सही-शिक्क्यावाचून चालणाऱ्या त्या उताऱ्यातल्या एका कान्यासाठी कचेरीच्या चार खेपा झाल्या.