जुनी शाळा: तीच नीट करायची, शेजारी बांधायचं की पाडायची?

शतकमहोत्सव जवळ आला की शाळेच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो. इमारत दगडी, कौलारू, माजी विद्यार्थ्यांना गलबलून आणणारी. आणि त्याच इमारतीत डिजिटल बोर्ड लावला की फ्यूज उडतो, मुलींना स्वच्छतागृहासाठी पटांगण ओलांडावं लागतं, पावसाळ्यात चौथीच्या वर्गात बादली ठेवावी लागते. मग तीन प्रस्ताव पुढे येतात आणि त्यांची तुलना चौरस फुटाच्या दरावर होते. माझ्या मते गणित तिथेच चुकतं. आधी ठरवायचं ते हे, की वीज, पाणी, सांडपाणी आणि जिना-लिफ्ट यांचा भार कुठल्या इमारतीनं उचलायचा?

नुसती वर्गखोली म्हणून पाहिली, तर जुनी इमारत आजही नव्याला भारी पडते. दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, चौदा-पंधरा फूट उंची, गरम हवा निघून जायला वर झरोके. एप्रिलच्या दुपारी आधी या वर्गात बसा, मग गच्चीच्या स्लॅबखालच्या वर्गात. तुलनेचा हा भाग तिथेच संपतो. खोट आहे ती आवाजात. उंच, कठीण भिंतींमध्ये शब्द घुमतो आणि मागच्या बाकापर्यंत नुसता गोंगाट पोचतो. त्यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे: मागच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड, छताखाली आवाज शोषणारे तक्ते, बाकांच्या पायांना रबरी बुचं.

दुरुस्तीत खरा घोटाळा होतो तो सिमेंटमुळे. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी महाग पडतो, सावकाश काम करतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत मावत नाही. एप्रिलच्या अखेरीस उतरवलेली कौलं जूनच्या पहिल्या सरीआधी परत चढली पाहिजेत. म्हणून एका उन्हाळ्यात छप्पर, दुसऱ्यात भिंती, असं टप्प्यांनी काम धरा. ‘एका सुट्टीत सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजा आणि निरोप द्या.

विजेचं प्रकरण याहून गंभीर. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची चार्ल्स रेनी मॅकिंटॉशनं रचलेली इमारत १९०९ मध्ये पूर्ण झाली. २३ मे २०१४ रोजी तळघरात एका विद्यार्थ्याच्या कलाकृतीत वापरलेल्या फोमच्या डब्यातला वायू तापलेल्या प्रोजेक्टरमुळे पेटला. इमारतीतल्या जुन्या वायुवीजनाच्या पोकळ्या धुराड्यासारख्या चालल्या, आग वरच्या मजल्यांवर गेली आणि तिथलं प्रसिद्ध ग्रंथालय जळालं. आग विझवणारी पाण्याच्या तुषारांची यंत्रणा बसवणं चालू होतं, पण ती अजून सुरू झालेली नव्हती. पुढे जीर्णोद्धाराचं काम बरंच पुढे गेलेलं असताना १५ जून २०१८ रोजी दुसरी आग लागली आणि जवळपास सगळंच गेलं. त्या आगीचं कारण चौकशीतही ठरवता आलं नाही. आपल्याकडे छपराच्या लाकडी कैच्यांखाली फॉल्स सीलिंग ठोकून वर वायरींचं जाळं सोडून देतात, तेव्हा नेमकी तशीच पोकळी तयार होते. वायरिंग भिंतीवर, उघड्या धातूच्या नळ्यांतून घ्या. दिसायला थोडं खटकेल, पण कुठे काय जळतंय ते कळेल.

त्याच ग्लासगोमध्ये दुसरा पर्यायही पाहायला मिळतो. मॅकिंटॉशच्या समोरच रस्त्यापलीकडे अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांची दुधी काचेची रीड बिल्डिंग २०१४ मध्ये उघडली. जुन्या दगडासमोर ती परकी वाटते म्हणून टीका झाली, आणि बाहेरून पाहता ती टीका मला पटते. आत मात्र काँक्रीटच्या उभ्या पोकळ नळ्यांतून खालच्या मजल्यांपर्यंत उजेड उतरवला आहे, ती कल्पना उचलण्याजोगी आहे.

आपल्या शाळेला एवढी ऐट नको. शेजारच्या नव्या इमारतीत स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा, दुसरा जिना आणि लिफ्ट एवढं जावं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि अडथळ्याविना प्रवेश मागितला आहे. जुनं जोतं तीन फूट उंच असेल तर एकास बारा उतारानं रॅम्पच छत्तीस फूट लांब होतो, आणि तो नेमका दर्शनी पायऱ्यांवर येतो. लिफ्टचा खड्डा जुन्या, उथळ पायाजवळ खणला तर भिंतच खचायची. त्यापेक्षा नव्या इमारतीत लिफ्ट आणि वरच्या मजल्यावर जोडपूल बरा; फक्त त्या पुलाचं ओझं जुन्या भिंतीवर येऊ देऊ नका. दुसऱ्या जिन्याबद्दल कुणी खर्चाची कुरकुर केली तर तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेची आठवण द्या: १६ जुलै २००४, स्वयंपाकघरातली आग, झावळ्यांचं छप्पर, अरुंद जिना, ९४ मुलं गेली.

पाडण्याच्या बाजूनं बोलताना अहमदाबादच्या आयआयएमचा दाखला कुणीतरी देतंच. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी रचलेल्या त्या विटांच्या परिसरातलं विक्रम साराभाई ग्रंथालय मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयानं दुरुस्त केलं आणि २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, संस्थेनं १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं काढलं. जगभरातून ओरड झाल्यावर १ जानेवारी २०२१ ला तो बेत मागे घेतला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा नव्यानं बांधण्याकडेच कल जाहीर केला. गळती आणि पडझड या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण एकाच वास्तुविशारदाच्या, एकाच आवारातल्या इमारतींचं भवितव्य असं वेगळं होऊ शकतं. म्हणून ‘जुनी झाली’ हे पाडण्याचं कारण मानू नका. पाया सरकला असेल, भिंती ओळंब्यातून गेल्या असतील, तुळयांची टोकं वाळवीनं भिंतीच्या आत खाल्ली असतील आणि चुना-दगड जाणणाऱ्या अभियंत्यानं तसं लिहून दिलं असेल, तर पाडा. फक्त आरसीसीची सवय असलेल्याच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर हा निर्णय घेऊ नका. त्याला प्रत्येक जुनी भिंत धोकादायकच दिसते.

दर्शनी भिंत ठेवून आत नवा सांगाडा उभारायचा, हा चौथा प्रस्तावही येईल. खर्च दोन्हीकडचा, आणि थंड वर्ग मात्र गेलेले.

माझा कौल दुसऱ्या प्रस्तावाला, म्हणजे शेजारी बांधण्याला, पण छोट्या आकारात: वर्ग जुन्यात, पाण्याचं आणि यंत्रांचं सगळं नव्यात. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी छप्पर. स्वच्छतागृहाची इमारत दुसऱ्या वर्षी, आणि डिजिटल बोर्ड त्यानंतर.