अभयारण्यातली सुगम वाट: फळ्यांची की दाबलेल्या खडीची?

व्हीलचेअर, कुबड्या किंवा पांढरी काठी घेऊन येणाऱ्यांसाठी वाट करायची म्हटलं की प्रश्न शेवटी दोनच पर्यायांवर येतो: खांबांवर उचललेली फळ्यांची वाट किंवा दाबलेल्या खडीची. रुंदी, वळणं, विसाव्याच्या जागा दोन्हीकडे सारख्याच लागतात, त्यामुळे त्यात शिरत नाही.

दलदल असेल किंवा झाडांची मुळं वर आलेली असतील, तर फळ्यांना तोड नाही. मुळं चुकवून खांब रोवता येतात, पाणी खालून वाहत राहतं. कडेला दहा सेंटिमीटर उंचीची पट्टी ठोकली की काठीला कड सापडते, चाकही खाली उतरत नाही. सावलीत शेवाळ धरतं आणि कुबडी सटकते, तेव्हा घासायची तयारी हवी.

खरी अडचण आवाजाची. फळ्या वाटेला आडव्याच टाकाव्या लागतात. वाटेच्या दिशेने उभ्या टाकल्या तर व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक फटीत शिरून अडकतं. आडव्या टाकून फट १२ मिलिमीटरच्या आत ठेवली तरी प्रत्येक फटीवर चाक आपटतं, आणि खाली पोकळी असल्यामुळे ती खडखड घुमते. खुर्ची पाणवठ्यावरच्या, पक्षी बघायच्या आडोशापाशी पोहोचेपर्यंत काठावरचे बगळे उठलेले असतात. ज्याला दिसत नाही तो तर पक्षी ऐकायलाच आलेला असतो. त्याच्या कानात फळ्याच वाजत राहतात. स्क्रू कसून, फळीखाली रबर घालून आवाज कमी होतो. पुरता गेलेला मात्र अजून अनुभवला नाही.

खडीची वाट शांत असते, पण ती नीट केली तरच. गोल गोटे नकोत, ते चाकाखाली सरकतात. दहा मिलिमीटरपर्यंतची कोनदार खडी तिच्या भुकटीसकट घ्यायची. भुकटी धुऊन काढली तर थर बांधलाच जात नाही. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, पण माती आणि खडी वेगळी ठेवणारं) कापड अंथरावं, नाहीतर खडी मातीत बुडते. साधारण साडेसात सेंटिमीटरचा एकेक थर ओलसर करून दाबायचा. कोरडा दाबला तर पहिल्याच पावसात उखडतो, चिंब दाबला तर भिजलेल्या कणकेसारखा दबतो. आडवा उतार, म्हणजे वाटेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडचा, दोन टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नये. खुर्ची एका बाजूला ओढली जाते आणि ढकलणाऱ्याचा एकच हात भरून येतो. लांबीचा चढ १:२० (वीस मीटरला एक मीटर) पेक्षा तीव्र झाला की पाऊस भुकटी वाहून नेतो आणि मोकळे खडे उरतात.

डागडुजी दर पावसाळ्यानंतर करावीच लागते, पण घमेलंभर खडी आणि धुम्मस (जमीन ठोकून दाबायचं हातअवजार) यांवर भागते. म्हणून कोरड्या जमिनीवर आमचा कल खडीकडे. फळ्या ओल्या तुकड्यापुरत्या. दोन्ही जिथे भेटतात तो सांधा मात्र जपावा. तिथली खडी खचते, फळीची कड वर राहते, आणि सहा मिलिमीटरची पायरीसुद्धा लहान चाकाला अडवते. सांध्यालगत काँक्रीटची पट्टी ओतून फळीच्या पातळीला आणावी.