माळवदाखालच्या दोन रात्री : बुबिओन, आल्पुहारा

बार्शीचं आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. मृगाच्या आधी वडील वर चढून पांढरीची माती टाकायचे आणि आम्हा पोरांना म्हणायचे, "तुडवा." त्यामुळे स्पेनमधल्या बुबिओन गावात लेकीने "आई, छपरं बघ, सगळी सपाट" म्हटलं, तेव्हा ओळख आधी माझ्या तळपायांना पटली.

लेक ग्रानादाला शिकते. एप्रिलअखेर तिच्याकडे गेले होते. तिथला अल्हाम्ब्रा हा सुलतानांचा राजवाडा सगळेच बघतात, आम्हीही बघितला. पण हे लिहितेय ते त्यानंतर घेतलेल्या भाड्याच्या घराबद्दल. ग्रानादाहून बसने दोन तासांच्या वर लागतात. लान्हारोन, ऑर्हिवा ही गावं मागे पडली की नागमोडी घाट सुरू होतो. आलेपाक जवळ ठेवा. पोकेइराच्या घळीत एकावर एक तीन पांढरी गावं आहेत : खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबिओन, वर कापिलेइरा. बुबिओन साधारण 1,300 मीटरवर आहे. वर बर्फाचा मुलासेन, 3,479 मीटर. ग्रानादाच्या शेवटच्या सुलतानाच्या बापाचं, मुले हासेनचं, नाव त्या शिखराला आहे.

घर दोन खोल्यांचं, भिंती हातभर जाड, चुन्याने पांढऱ्याफेक. वर चेस्टनटच्या तुळया, त्यांवर चपटे दगड आणि सगळ्यात वर 'लाउना' नावाची करडी-निळसर माती. पाणी पडलं की ती घट्ट बसते आणि खाली थेंब येऊ देत नाही. कडेने पाटीच्या दगडाच्या लाद्या बाहेर काढलेल्या, म्हणजे पाणी भिंतीवर ओघळत नाही. आमच्या शेजारच्या घराची एक खोली तर बोळावरच बांधलेली. खालून माणसं जातात, वर कुणीतरी झोपलेलं. त्याला 'तिनाओ' म्हणतात. असली सपाट धाबी मोरोक्कोतल्या अॅटलास डोंगरातही आहेत, आणि मूर लोकांची, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून येऊन इथे राज्य केलेल्या मुसलमानांची, ही आठवण इथे अजून जिवंत आहे. बार्शीला व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवलं. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "साणं कुठंय गं उजेडाचं?" खरंच नव्हतं. टोपी घातल्यासारखं गोल धुराडं तेवढं होतं.

आता तक्रारी. पहिली रात्र आम्ही कुडकुडलो. जाहिरातीत 'शेकोटी' लिहिलेलं होतं. होती, पण लाकडाची एक टोपली संपल्यावर पुढच्या टोपलीचे सहा युरो वेगळे. हे आधी सांगायला काय झालं होतं? न्हाणीघरात गरम पाणी दुसऱ्या माणसापर्यंत पुरत नाही. शिवाय बस थांब्यापासून घरापर्यंत दगडी चढ आहे, चाकांची बॅग तिथे काही कामाची नाही. गुडघे दुखत असतील तर मालकाला पायऱ्या मोजायला लावूनच पैसे भरा. एवढं सगळं धरूनही मी पाचात चार देईन, आणि त्यातला एक गुण केवळ आवाजासाठी.

आवाज पाण्याचा. रात्रभर. गावाजवळून पाट वाहतात, त्यांना 'आसेकिया' म्हणतात. शब्द अरबी, 'अस-साकिया'वरून आलेला. पाम्पानेइरात तर गल्लीच्या मधोमध बारीक पाटली आहे. खरी गंमत वर डोंगरात आहे. बर्फ वितळायला लागलं की काही पाट ते पाणी शेताकडे न नेता डोंगराच्या सच्छिद्र उतारावर मुद्दाम सोडून देतात. पाणी जिरतं, सावकाश खाली सरकतं आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून निघतं, म्हणजे नेमकं उन्हाळ्यात. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही पाटी आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असायची. इथे मूरांच्या काळापासून तेच चालू आहे. मधे बरेच पाट ओस पडले. 2014 साली जवळच्या कान्यार गावाचा एक जुना पाट ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकाराने, स्वयंसेवकांनी फावडी मारून पुन्हा वाहता केला, असं लेकीने सांगितलं. तिचे मित्र सुट्टीत अशा कामाला जातात.

ज्यांनी हे पाट काढले ते मात्र इथे उरले नाहीत. 1492 मध्ये ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती पडल्यावर शेवटच्या सुलतानाला, बोआब्दिलला, हाच आल्पुहाराचा मुलूख राहायला दिला होता; दोन वर्षांच्या आतच तो मोरोक्कोतल्या फेजला निघून गेला. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या लोकांनी 1568 च्या नाताळात बंड केलं, ते मोडल्यावर त्यांना इथून हाकललं आणि उत्तरेकडून नवे लोक आणून वसवले. पाटाचं तंत्र शिकवायला गावागावात दोन-दोन जुनी कुटुंबं ठेवून घेतली होती, असं इथे सांगतात. बुबिओनच्या चर्चजवळ जुनं घर जसंच्या तसं ठेवलेलं छोटं संग्रहालय आहे. तिकीट नाममात्र. जरूर बघा, भांड्यांच्या फळीपाशी मी बराच वेळ रेंगाळले.

जेवणाचं सांगते. इथलं प्रसिद्ध ताट म्हणजे बटाटे, अंडं, मिरची आणि तीन प्रकारचं डुक्कर. शाकाहाऱ्यांनी 'पातातास आ लो पोब्रे' मागवावेत, म्हणजे गरिबाचे बटाटे : ऑलिव्ह तेलात कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर मऊ केलेले. एका खानावळीत "मांस नको" असं तीनदा सांगूनही वर हॅमचे तुकडे भुरभुरून आणले. विचारलं तर वाढपी म्हणाला, "हे मांस नाही, हॅम आहे." दुसऱ्या ठिकाणी लसूण घालून परतलेला 'मिगास' मिळाला. आपली फोडणीची पोळीच, फक्त हळद विसरलेली.

पाम्पानेइरात एका झऱ्याचं पाणी प्यायलं की लगेच लग्न जमतं अशी पाटी आहे. लेकीने बाटली पुढे नेली आणि माझ्याकडे बघून मागे घेतली.

खरेदी एकच : 'हारापा', म्हणजे चिंध्यांच्या पट्ट्या मागावर विणून केलेली सतरंजी. ती मागाजवळ बसलेल्या विणकरणीकडूनच घ्या. रस्त्याकडेच्या दुकानांतल्या मला यंत्रावरच्या वाटल्या. माझी निळी-लाल, चोवीस युरोंची. पुण्याला येईपर्यंत बॅगेत तिनेच सगळी जागा खाल्ली. आणि हो, परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्याच टिपून घ्या. दिवसातून मोजक्याच आहेत, आणि शेवटची चुकली तर लाकडाची आणखी एक टोपली घ्यावी लागेल.