बोटीचा ट्रेलर: पाट्यांची कमान की टॉर्शन अ‍ॅक्सल?

ट्रेलरच्या खडखडाटाला कंटाळून सस्पेन्शन बदलण्याचा विचार करणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: पाट्यांची कमान, म्हणजेच लीफ स्प्रिंग, आणि रबरी टॉर्शन अ‍ॅक्सल. आवाज एवढीच कसोटी लावली, तर निकाल टॉर्शनच्या बाजूने लागतो. त्यात चौकोनी नळीत दाबून बसवलेले रबराचे दांडे दाबले जाऊन धक्का शोषून घेतात आणि धातूवर धातू घासत नाही. मात्र देखभालीचाही विचार केला, की हा निकाल इतका सरळ राहत नाही.

कमानीचा आवाज सहसा पाट्यांचा नसून सांध्यांचा असतो. शॅकलमधले, म्हणजे कमानीचे टोक फ्रेमला जोडणाऱ्या हलत्या कडीमधले, नायलॉनचे बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) झिजले, की बोल्ट थेट लोखंडावर आपटू लागतो आणि कालांतराने छिद्र लंबगोल होते. हे तपासण्यासाठी ट्रेलर आधी पक्का अडवून आणि फ्रेम स्टँडवर टेकवून चाके अधांतरी करावीत व पहारेने शॅकल हलवून पाहावे. ढिलाई आढळल्यास पितळी छटेचे ब्राँझचे बुश आणि ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेले बोल्ट बसवणे, हा माझ्या मते सर्वांत समाधानकारक उपाय आहे. ग्रीस भरतानाही सांध्यावरचा भार काढलेला असावा, कारण भार असताना ग्रीस मोकळ्या बाजूने निसटते आणि जिथे खरी घासण होते ती बाजू कोरडीच राहते. शॅकलचे बोल्ट इतके आवळू नयेत की शॅकल हलेनासे होईल. कमान धुरीला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र घट्टच हवेत आणि नवीन बसवल्यावर थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत. ज्या कमानीचे मागचे टोक हँगरमध्ये, म्हणजे फ्रेमवरच्या आधारात, नुसते सरकते, तिचा रिकाम्या ट्रेलरवरचा आवाज पूर्णपणे जात नाही, हे आधीच मान्य करावे.

टॉर्शनच्या रबराला ग्रीस लागत नाही. हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या, बेअरिंगला अर्थातच लागते. टॉर्शनचा खरा दोष नंतर कळतो: रबर दबून ढिले पडले किंवा नळी आतून गंजली, तर बहुधा सबंध अ‍ॅक्सलच बदलावा लागतो, तर कमानीचा तडकलेला पाटा डोळ्यांना दिसतो आणि सुटे भाग बदलता येतात. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवर कमानींमधला इक्वलायझर, म्हणजे दोन्ही कमानींना जोडणारा झुलता दांडा, भार वाटून देतो. टॉर्शनमध्ये ती सोय नसल्याने ट्रेलर समतल जोडला नाही, तर एकाच अ‍ॅक्सलवर जास्त ओझे येते.

हलकी बोट, एकच अ‍ॅक्सल आणि गोडे पाणी असेल, तर टॉर्शन निःशंकपणे घ्यावे. खाऱ्या पाण्यात जड बोट उतरवणाऱ्याने, विशेषतः स्वतः काम करण्याची तयारी असेल तर, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) कमानी आणि ब्राँझचे बुश निवडावेत. खारे पाणी पाट्यांच्या फटींत साचून राहते, म्हणून प्रत्येक वेळी बोट बाहेर काढल्यावर त्या गोड्या पाण्याने धुवाव्या लागतील. अर्थात, काहीही विकत घेण्यापूर्वी हब, ब्रेक आणि बोटीखालचे आधार एकदा हाताने हलवून पाहावेत. आवाज तिथून येत असेल, तर दोन्हींपैकी कोणतेही सस्पेन्शन तो थांबवणार नाही.